वेळेत नोंदवलेली हरकत

“महाराज, नव्वद वर्षं तो नकाशा तुमच्या भिंतीवर टांगलेला होता. ही टेकडी आमची आहे, असं एकदा तरी म्हणालात?”

सकाळी साडेसातला धारगळच्या बसथांब्यावर गौरवी हे समोरच्या आंब्याला ठणकावून विचारत होती. आंबा बिचारा काय बोलणार! पण खांबामागून आवाज आला, “भिडेनं गप्प बसला असंल की ओ!”

गौरवी अशी दचकली की हातातले कागद भुईवर. खांबामागे निळ्या सदऱ्यातला एक तरुण पोदेराकडचं कांकण, तो बांगडीसारखा कडक पाव, चावत तुयें गावातल्या कारखान्याच्या गाडीची वाट बघत उभा होता.

“चोरून ऐकता?”

“चोरून कसलं? हायवेपर्यंत ऐकू जातंय बगा.” त्याने वाकून एकेक कागद गोळा केला, झटकून दिला. “मी परशराम. बेळगावाकडचा. नकाशा म्हटलं की आमचे कान उभे राहतात. आमचं गाव कुठल्या राज्यात, ह्यावर माझ्या जन्माआधीपासनं भांडण चाललंय.”

आता बोला! असा विरोधक शोधून सापडला नसता. गौरवी पणजीला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मार्चमध्ये कॉलेजांची युक्तिवादाची स्पर्धा होती. कोर्ट खोटं, देश खोटे, पण वाद अगदी खरा. एका टेकडीसाठी भांडणारे दोन देश, आणि तिने म्हणायचं की समोरच्याने आमचा नकाशा पाहूनही तोंड उघडलं नाही, म्हणजे मान्य केलं. बोलायचं इंग्रजीत होतं. पण जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलंच नसतं, असं तिचं ठाम मत.

“उद्यापासून तुम्ही तो दुसरा देश,” तिने जाहीर करून टाकलं.

“आणि हरलो तर?”

“कांकण द्यायचं.”

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोजची दहा मिनिटं. तो कधी जिंकला नाही, आणि तिने कधी अख्खं कांकण खाल्लं नाही... अर्धं मोडून त्याच्याकडे परत द्यायची. रस्त्याकडेच्या काजूंना मोहोर आला आणि थांबाभर त्याचा गोडसर वास भरून राहिला.

“शेजारी चांगला असतो ओ,” एकदा तो म्हणाला. “त्याला दुखवू नये वाटतं. मनात लई असतं... तोंडात येत न्हाई.”

“मनातलं कोर्ट वाचत नाही! एक ओळ लिहायची, ‘आमची हरकत आहे.’ पण वेळेत.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. गाडीने हॉर्न दिला, तरी बघत राहिला. गौरवीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

संध्याकाळी हायवेवरच्या घरच्या दुकानात केळ्यांचे घड टांगताना ती तेच भाषण बाबांना ऐकवायची. गोकुळदास हसायचे, “गे बाय, तुझो देस अजून जिंकलो नाय?”

आणि एका संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, डिचोलीचं स्थळ आहे, रविवारी बघायला येतात. गौरवी मान खाली घालून घड टांगत राहिली.

सकाळी तिने परशरामला सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. त्याने कांकण बोटात फिरवलं. “...बरं,” म्हणाला, आणि गाडीत चढला. झालं! पुढचे दोन दिवस तो थांब्यावर फिरकलाच नाही. गौरवीला रडूही येत होतं आणि त्याचे कान उपटावेसेही वाटत होते.

शनिवारी स्पर्धेत तिने खिंड लढवली. शेवटी परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “त्या गप्प बसलेल्या देशाने तुमचा सल्ला मागितला असता तर?”

“ज्याचं काही जाणार आहे त्याने बोलावं, असं सांगितलं असतं. दुसरा कोणी बोलेल म्हणून थांबू नये.”

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. परशरामवर एवढा राग. पण बाबांनी स्थळ सांगितलं तेव्हा ती स्वतः काय बोलली होती? एक अक्षर नाही. दुसऱ्या नंबरचा चषक मांडीवर घेऊन ती परतीच्या बसमध्ये ओठ चावत बसली.

रविवारी सकाळी दुकानात शिरली ती सरळ बाबांपुढे.

“बाबा, माका तां स्थळ मान्य नाय.”

“दोन तासांत पावणे दारात येतले, आणि आता सांगतस?”

“उशीर झालो खरो. पण नव्वद वर्षां नाय झाली.”

गोकुळदासांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “दुसरो कोण आसा?”

ती उत्तर देणार, तोच इस्त्रीच्या सदऱ्यात, घामाने डबडबलेला परशराम दुकानाची पायरी चढला. तिच्याकडे न बघता त्याने बाबांच्या हातात कागद ठेवला. गोकुळदासांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

“‘आपल्या मुलीचं लग्न डिचोलीला ठरवण्यास माझी हरकत आहे. कारण माझं तिच्यावर प्रेम आहे. तिचं मत तिलाच विचारावं. परशराम.’”

“चार ओळींसाठी दोन दिवस?” गौरवी पुटपुटली.

“अर्धी वही फाडली ओ...”

गोकुळदासांनी लेकीकडे पाहिलं. “तुझां मत?”

“माझ्या मनात तोच आसा, बाबा,” ती म्हणाली. या वेळी नजर खाली गेली नाही.

गोकुळदासांनी कागदाची घडी करून खिशात घातली. बाहेर जाऊन फोनवर डिचोलीवाल्यांची क्षमा मागितली. मग परत येऊन, जणू काही झालंच नाही असे, सालदाटी केळ्यांचे घड पुसायला लागले. एक घड झाला, दुसरा झाला. परशरामचा घाम थांबेना.

“बाबा, गप कित्याक? कायतरी बोला!”

“तीन म्हयने ह्या दुकानात माका काय शिकवलंस गे? गप बसलो, तेणां मान्य केल्यान.”

गौरवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. परशरामला मात्र अजून धीर होईना. “पण काका... भिडेनं तर गप्प न्हाई न्हवं?”

“भीड? माका?” गोकुळदास खो-खो हसले आणि त्यांनी एक घड त्याच्या खांद्यावर चढवला. “टांग तो थंय, जावयबापू!”