कंपनीची भर

प्रणिताच्या हाडांतली मज्जा आटली आहे, हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तिची पेशीनिधीतली ठेव मुदतीला यायला पाच महिने उरले होते. साताऱ्यात निधीच्या दवाखान्यात डॉ. रेहाना मुजावर यांनी अहवाल दोनदा वाचला, बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी आता पुन्हा भरून येतील एवढ्याही राहिलेल्या नाहीत.

"निधीत आहेत की माझ्या," प्रणिता म्हणाली.

"तेच सांगतेय. ठेव मोडा."

प्रणिताने नवऱ्याकडे पाहिलं. तुषार भोईटे खाली बघत होता.

आता नोकरदार माणसाच्या म्हातारपणाची तजवीज दोन ठिकाणी होते. पेन्शन पैशांची आणि पेशीनिधी शरीराचा. मूळपेशी म्हणजे शरीराचा दुरुस्तीचा माल. जखम भरणं, नवं रक्त, झिजलेल्या सांध्याची डागडुजी, सगळं त्यांच्यातून होतं. तरुणपणी हा माल गरजेपेक्षा जास्त असतो आणि म्हातारपणी पुरत नाही. म्हणून नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला कंबरेच्या हाडातून थोड्या पेशी काढायच्या, गोठवून ठेवायच्या आणि निवृत्तीनंतर सलाईनमधून परत घ्यायच्या. याला कपात म्हणतात. पगाराच्या दिवशी कंपनीच्या दवाखान्यात एक सुई, बाकी काही नाही. निवृत्तीनंतर त्या परत मिळाल्या की दहा वर्षं तरी माणूस कुणाचा हात न धरता चालतो.

कंपनी आपल्या बाजूने तेवढीच भर घालते. ही भर दुसऱ्या कुणाची नसते. शेवटच्या वर्षात ठेवीतल्याच काही पेशी काचेच्या हंड्यांत वाढवतात आणि त्याचा खर्च कंपनी करते. प्रत्येक पेशीवर ती कुणाची याची खूण असते, आणि परकं शरीर ही खूण पाहूनच तिला मारतं. भर वाढवताना ही खूण पुसून टाकतात. त्यामुळे भर नवऱ्याला किंवा बायकोला देता येते. मुदतीआधी ठेव मोडली तर स्वतःच्या पेशी मिळतात, भर मिळत नाही.

भोईट्यांचा बेत सरळ होता. तुषार पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. त्याच्या खात्यात पेन्शन होती, पेशीनिधी नव्हता. प्रणिता सलाईनच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात होती. तिथे निधी होता, पेन्शन नव्हती. खायचं त्याच्या पेन्शनवर आणि चालायचं तिच्या ठेवीवर, असं लग्नानंतर दोघांनी ठरवून टाकलं होतं. मग तुषारच्या हृदयाचा स्नायू अशक्त होत चालला. औषधांवर तीनेक वर्षं निघतील असं डॉक्टर म्हणाले, आणि बेतात एवढाच बदल झाला. तिच्या पेशी तिला, कंपनीची भर त्याच्या हृदयाला.

दवाखान्यातून आल्यावर ती पावटे सोलत बसली. तुषार म्हणाला, उद्या जाऊन ठेव मोडू. तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. त्याने पुन्हा म्हटलं.

"तुमच्या खात्यात पाणी सोडायची तारीख ठरली की मधे कुणी दार उघडायचं का?"

"पिकं वाळायला लागली की उघडायचो."

"मग साहेब मेमो द्यायचे."

"द्यायचे. तरी उघडायचो."

"म्हणून बढती नाही मिळाली." ती हसली, मग शेंगा बाजूला सारल्या. "अहो, पाच महिने आहेत. रक्त चढवतायत, मास्क लावीन, घराबाहेर पडणार नाही. आता मोडली तर मी बरी होईन. आणि तुम्ही?"

तुषार म्हणाला, माझं माझं बघता येईल.

"तुम्ही गेल्यावर त्या दहा वर्षांचं मी करू काय? अर्धी पेन्शन घेऊन टीव्ही बघत बसू?"

मुदतीची ठेव मधेच मोडणं दोघांच्याही घरात कधी कुणी केलं नव्हतं. मुलीच्या शिक्षणाच्या वेळीसुद्धा त्यांनी कर्ज काढलं, पण ठेवीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डॉ. मुजावरांना फोन करून सांगितलं की आम्ही थांबतोय. त्या ताप आला तर लगेच या, एवढंच म्हणाल्या.

ताप जानेवारीत आला. तो शेजारच्या लहान मुलांनाही आला होता आणि ती दोन दिवसांत खेळायला लागली. प्रणिताला दवाखान्यात ठेवावं लागलं. तुषारने त्याच सकाळी ठेव मोडायचा अर्ज केला. पण गोठवलेल्या पेशी जाग्या करून तपासायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे राहिला नव्हता. शेवटी शुद्धीवर असताना तिने विचारलं, अर्ज परत घेता येतो का.

ती गेल्यावर महिन्याभराने तुषारला निधीतून बोलावणं आलं. डॉ. मुजावरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नियम सांगितला. नोकरीत असताना मृत्यू आला तर ठेव मुदतीला आली असं धरतात. सगळ्या पेशी आणि पूर्ण भर वारसाला मिळते. मोडायचा अर्ज आपोआप रद्द झाला आहे.

"म्हणजे ती जगायला आली असती तर अर्धी, आणि मेली म्हणून पूर्ण," तुषार म्हणाला.

"नियम तसा आहे."

"तिला वाचवायला किती लागल्या असत्या?"

"तिच्या स्वतःच्या पेशींतला पाव हिस्सा."

"मग पावच द्यायचा."

"थोडी मोडता येत नाही, मोडायची तर पूर्ण. निधी टिकावा म्हणून हे ठरवलं. आमच्याकडे मुदतीआधी मोडणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी आहे, भोईटे. तिथल्या मुलीला आम्ही दुसरी कामं दिलीत. कुणी येतच नाही."

तुषारने मग ते विचारलं, जे त्याच्या मनात महिनाभर होतं. या पेशी काढल्याच नसत्या, तिच्या हाडातच राहिल्या असत्या, तर मज्जा आटली असती का?

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कपात शरीराला जाणवत नाही, हे आम्ही वीस वर्षं तपासलं. मीही त्यात होते. खरंच जाणवत नव्हतं. सगळी नोकरी कपात झालेली ही पहिली पिढी आहे. आणि तुमच्या मिसेससारखे रुग्ण गेल्या वर्षापासून वाढलेत. यापेक्षा जास्त मला आज माहीत नाही."

त्याने पेशी बघायला मागितल्या. काचेपलीकडे कोमट खोलीत एक हंडी सावकाश फिरत होती. आत फिकट लालसर पाणी. हंडीवर प्रणिताचं नाव आणि कंपनीतला नंबर. काही पेशी अजून गोठवलेल्या आहेत, काही इथे वाढतायत, डॉक्टर म्हणाल्या. तुमची सही झाली की सगळ्यांवरची खूण पुसायला घेऊ. तुमच्या हृदयाला एवढ्या भरपूर होतील.

"खूण पुसल्यावर त्या कुणाच्या?"

"तुमच्या."

"आणि आत्ता?"

"आत्ता त्यांच्याच आहेत. जिवंत आहेत."

तो बराच वेळ काचेसमोर उभा राहिला. नावाच्या बाजूने हंडी त्याच्याकडे यायची आणि पुढे जायची. वर्षभरात सही झाली नाही तर ठेव कंपनीच्या सामाईक साठ्यात जाईल, हेही डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं.

मुलगी ईशा नागपूरला असते. ती दर रविवारी फोन करते आणि आधी हेच विचारते. बाबा, सही केलीत? आईने ती ठेव तुमच्यासाठीच धरून ठेवली होती, आता ती दुसऱ्या कुणाला देणार का, असं म्हणते. एकदा ती चिडून म्हणाली, "आईच्या वेळी मला विचारलं नाहीत. तुम्ही तरी माझ्यासाठी करा." तिचं बरोबर होतं.

त्याने तिला तिच्या कपातीबद्दल विचारलं. आई गेल्यावर तिने ती वाढवून घेतली होती, कंपनीत परवानगी असते तेवढी. पुढे आपल्या मुलांना असं बघायला लागू नये म्हणून. तुषारने डॉक्टरांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाला, बंद कर, जमा आहे तेही परत घे. ती म्हणाली की नक्की काही सिद्ध झालेलं नाही ना, आणि आत्ता काढलं तर भर जाईल, आणि तिच्या नवऱ्याच्या, निखिलच्या कंपनीत तर निधीच नाही.

"बघते बाबा," ती म्हणाली. "मार्चनंतर बघते."

मार्च होऊन गेला. तुषारच्या पायांवर आता संध्याकाळी सूज येते. त्याने सही केलेली नाही. ईशाची कपात चालू आहे.