सहा हजार, सीएल तीस

"कॉम्प्युटरसाठी सगळ्यात जास्त स्पीडची मेमरी द्या," नीरजा दुकानदाराला म्हणाली. तिच्या एका हातात नव्या प्रोसेसरचं खोकं होतं, दुसऱ्या हातातल्या छत्रीचं पाणी फरशीवर निथळत होतं.

"नका घेऊ ती…"

तिनं वळून पाहिलं. शेजारी एक तरुण उभा होता. हातात पंख्याचं खोकं, चष्म्यावर पावसाचे थेंब.

"तुम्ही दुकानातले का?"

"नाही, गिऱ्हाईकच." तो ओशाळला. "पण तिचं टायमिंग ढिलं आहे. काही मागितलं की द्यायला सुरुवातच उशिरा करते. ही बघा, सहा हजार स्पीडची, सीएल तीस. तो तीसचा आकडा जितका लहान तितकी वाट कमी. तुमच्या प्रोसेसरला हाच स्पीड मानवेल. गेम कुठला खेळता?"

"मी नाही, वडील खेळणार. बस चालवायचा."

तो हसला, आणि तिचा चेहरा पाहून लगेच थांबला.

मग तिनं सांगितलं. आप्पांनी आयुष्यभर रत्नागिरी–दापोली एसटी चालवली होती. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि स्टिअरिंग सुटलं. तेव्हापासून रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, की ते उठून आतल्या खोलीत जात.

"वळणावर चित्र अडखळलं तर ते पुन्हा चाकाला हात लावणार नाहीत," ती हळूच म्हणाली.

त्यानं तिच्यापुढे सीएल तीसचं पाकीट सरकवलं. "मग हीच घ्या. मी सलिल. पोफळीच्या वीजघरात कामाला असतो. जोडताना अडलं तर फोन करा. नाही अडलं तरी…"

"तरी काय?"

"तरी… कळवा."

तिनं कळवलं. आधी पंखा कुठल्या बाजूला लावायचा ते विचारायला, मग आप्पांचं जेवण कमी झालंय ते सांगायला… आणि मग काहीच विचारायचं नसताना. पोफळीतल्या पावसाचा आवाज फोनमधून तिला ओळखू यायला लागला.

गेमच्या स्टिअरिंगचं पार्सल आलं, त्या रविवारी सलिल रत्नागिरीतल्या आपल्या घरी होता. नीरजानं सगळं एकटीनं जोडलं. आप्पा जुना खाकी शर्ट घालून खुर्चीत येऊन बसले. तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

"राहू दे, बाय," आप्पा शर्टाचं बटण काढत म्हणाले.

तिनं सलिलला फोन लावला.

"बंद करू नका!" सलिल म्हणाला. "नवी मेमरी पहिल्यांदा स्वतःला जुळवून घेते, वेळ लागतो तिला. मी निघालोच."

तो चिंब भिजून आला. पडदा अजून काळाच होता. तिघंही पडद्यासमोर बसले. नीरजानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं नुसती मान हलवली. थांबूया…

आणि पडदा उजळला.

सलिलनं सेटिंगमध्ये जाऊन मेमरी सहा हजारवर लावली आणि तो बाजूला झाला. आप्पांनी डावा हात चाकावर ठेवला. गाडी सुटली. झाडं, वळणं, घाट, सगळं सरसर मागे जात होतं, कुठेच अडखळत नव्हतं. उतारावर मात्र हात अपुरा पडला आणि गाडी कठड्यावर आदळली.

नीरजा पुढे झाली.

आप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "ब्रेक जरा लांब लागतो या गाडीचा," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी मागे घेतली.

नीरजा उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून ती रडत होती. सलिल दारातच थांबला.

"मी दर रविवारी येत जाऊ? कॉम्प्युटर बघायला?"

"चांगला चाललाय तो." तिनं पदरानं डोळे पुसले.

"माहीत आहे. कॉम्प्युटरसाठी नाही, नीरजा. तुमच्यासाठी यायचंय. त्या दिवशी दुकानातच… पण तुमच्या घरातलं दुःख बघून बोलायचा धीर झाला नाही."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. ती त्याच्याजवळ आली. त्याच्या भिजलेल्या बाहीला तिनं हलकेच हात लावला, आणि तो तिथेच राहू दिला.

"पोफळीहून? दर रविवारी?"

"दर रविवारी."

"घाटात दरड आली तर?"

"तर उशीर होईल."

नीरजानं मान वर केली. इतक्या दिवसांचं 'तुम्ही' तिच्या ओठांशी आलं, आणि विरून गेलं.

"ये," ती म्हणाली.