पणसाहेबांचे गुरुवार

काचघराच्या कोपऱ्यात एक परका माणूस बाबांच्या लाडक्या गुलाबापुढे उकिडवा बसला होता आणि चक्क फुटपट्टीने पाकळी मोजत होता. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. त्याने ओली छत्री दाराशी टेकवलेली, आणि तिचं पाणी नेमकं नुकत्याच भरलेल्या मातीच्या पिशव्यांवर ठिबकत होतं.

"ओ! हात लावू नका त्याला!" हातातली झारी आपटत ती ओरडली.

तो दचकून उठला, तर टांगलेल्या कुंडीवर डोकं आपटलं. चष्म्यावर माती सांडली. "मी नोंदणी कार्यालयातला तपासनीस," चष्मा पुसत तो म्हणाला. "नव्या जातीसाठी तुमचा अर्ज आलाय. फूल सुंदर आहे. पण..."

हा पहिला 'पण'. पुढच्या दहा मिनिटांत तिने असे चौदा मोजले आणि मनातल्या मनात त्याचं नाव पणसाहेब ठेवून टाकलं.

खरं तर यात पण म्हणण्यासारखं काही नव्हतं. साध्या गुलाबी गुलाबाच्या झुडपावर, एकाच फांदीला, गेल्या वर्षी अचानक जर्दाळूच्या रंगाची फुलं आली. तेव्हापासून बाबा सकाळी उठले की आधी त्या फांदीला बघून येत, मग चहा घेत. नव्या जातीला तिच्या गेलेल्या आईचं नाव द्यायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त घाई होती. रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेचा मालक गिऱ्हाईक बनून आला होता आणि त्या फांदीचं एक टोक खिशात घालून घेऊन गेला होता. ज्याची नोंद आधी, जात त्याची. तीन महिन्यांनी अर्जाची मुदत संपत होती.

"पण हे नुसतं व्हेरिएशनही असू शकेल," पणसाहेब म्हणाले.

"म्युटेशन आहे ते. अर्जात स्पष्ट लिहिलंय बाबांनी."

"सगळेच लिहितात हो. दोन्ही शब्द एकच असल्यासारखे. व्हेरिएशन म्हणजे कुठलाही फरक. तो कशानेही पडतो. ऊन, पाणी, आईबापांच्या गुणांची सरमिसळ. आता तुमचे हात... कोपरापर्यंत रापलेत, आणि त्याच्या वर एकदम वेगळे..." तो अडखळला. कान लाल झाले. "म्हणजे, उन्हामुळे. ऊन गेलं की रंग परत येईल. म्युटेशन म्हणजे आतल्या लिखाणातच झालेला बदल. जागा बदलली म्हणून तो जात नाही. म्युटेशनने फरक पडू शकतो, पण प्रत्येक फरक म्हणजे म्युटेशन नव्हे. तुमची ही फांदी गरम पाण्याच्या नळाला चिकटून आहे. उष्णतेने रंग उतरला असेल."

"माझ्या हातांची तपासणी करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. पण..."

"झालं! आला!"

मग त्याने नियम सांगितला. त्या फांदीची सहा कलमं करायची. तीन इथे, नळापासून लांब, थंड बाजूला. तीन त्याच्या कार्यालयाच्या खिडकीत. दोन्हीकडे फुलं जर्दाळूच्याच रंगाची आली, तर शिक्का. तोपर्यंत दर गुरुवारी तो येऊन पाहणी करणार.

पहिल्या गुरुवारी त्याने चहा नाकारला. "तपासणीच्या जागी काही घेता येत नाही." तिने त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही कप स्वतःच संपवले. तिसऱ्या गुरुवारी त्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. नुसता धरून ठेवला. पाचव्या गुरुवारी कुणी न सांगता गळका नळ दुरुस्त केला आणि स्वतःला नखशिखांत भिजवून घेतलं. तिला हसू आवरेना, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आवरेना.

"हसा," तो म्हणाला. "पण नळ थांबला."

"नळ थांबला, तुमचे पण कधी थांबणार?"

"त्याची तपासणी करावी लागेल," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला... आणि मग तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक खळी पडते, हे तिला तेव्हा दिसलं. दिसायला नको होतं. पुढचा अख्खा आठवडा ती खळी काही केल्या डोक्यातून जाईना.

कुंड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलेल्या आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे. "हा फुलं बघायला येतो की तुला गं?"

"आत्या, पुरे!"

"माझं काय जातंय. पण तू बुधवारी केस धुवायला लागलीस, एवढं मात्र मी पाहतेय."

ती फणकारली. आणि पुढच्या बुधवारी हट्टाने केस धुतले नाहीत. गुरुवारी दिवसभर त्याचाच पश्चात्ताप झाला.

तिच्या तीन कलमांना फुलं आली. तिन्ही जर्दाळूच्या रंगाची, आईच्या जुन्या शालीसारखी. बाबा तर रडलेच. पणसाहेबांनी मोजमापं घेतली, मान हलवली आणि म्हणाले, "छान. पण माझ्याकडे अजून फूल आलेलं नाही."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. मुदतीला नऊ दिवस उरले. बाबांचं जेवण कमी झालं. पलीकडचा मालक येताजाता उगाच हसून नमस्कार करू लागला. तिच्या डोक्याची शीर तडतडायला लागली. एकाच झाडाची कलमं, एकाच दिवशी लावलेली... आणि याच्याकडेच कशी अडून बसली? शेवटी सोमवारी हातातलं काम टाकून ती थेट त्याच्या कार्यालयात गेली.

दुसरा मजला, लांबच लांब खिडकी, तीन कुंड्या. कलमं ठणठणीत होती, तिच्याकडच्यांपेक्षा अंगाने भरलेली. तिने वाकून पाहिलं. शेंड्याशी, जिथे कळी यायला हवी, तिथे एक स्वच्छ तिरपा छेद. शेजारी दुसरा. त्याखाली तिसरा. असा छेद कात्रीनेच पडतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मागे पावलं वाजली. तो हातात फाइल घेऊन उभा होता, आणि चेहऱ्याचा रंग पार उडाला होता.

"कळ्या तुम्ही खुडल्यात?"

"...हो."

"पलीकडच्याने काय दिलं तुम्हाला?"

"काही नाही! तसं मुळीच नाही." त्याने फाइल टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. "मी खोटं लिहिलं नाही कुठे. फूल आलेलं नाही, एवढंच लिहिलं. ते खरंच होतं."

"अहो, काय माणूस आहात तुम्ही!"

"फूल आलं की अहवाल पूर्ण होतो. अहवाल पूर्ण झाला की... गुरुवार संपतात. मला वाटलं, अजून एक गुरुवार मिळाला तर बोलता येईल. मग वाटलं, अजून एक."

तिला काय वाटलं ते एका वेळी एक सांगणं अवघड आहे. आधी त्याच्या डोक्यात ती कुंडीच घालावीशी वाटली. आनंदही झाला, आणि त्या आनंदाने ती आणखीच चिडली.

"माझ्या आईचं नाव अडलंय तिथे," ती म्हणाली. "बाबा जेवत नाहीत. आणि तुम्ही गुरुवार मोजत बसलात? तोंड नव्हतं बोलायला?"

 त्याने तिसरी कुंडी पुढे ओढली आणि पानं बाजूला केली. आत, मागच्या बाजूला, एक टपोरी कळी होती. टोकाशी रंग डोकावत होता. जर्दाळूचा. "ही दहा दिवसांपूर्वी दिसली. हात गेला, पण खुडवेना. परवापर्यंत उमलेल." फाइल त्याने तिच्या हातात दिली. "आणि हे आज सकाळीच लिहिलंय. मी कळ्या खुडल्या, म्हणून माझ्याकडून काम काढून घ्यावं. उद्यापासून वरिष्ठ बाई बघतील. मला ठपका बसेल. बसायलाच हवा."

तिने कागद वाचला. खाली सही होती. फाइल मिटून ती निघाली. दारापाशी मात्र थांबली.

"गुरुवारी येऊ नका."

"नाही येणार."

"रविवारी या. फुटपट्टी आणायची नाही, फाइल आणायची नाही. तुमचं जे काही आहे, ते गरम नळापाशी पडलेला फरक आहे की आतलं आहे, ते बिनकामाच्या दिवशीच कळेल."

बुधवारी कळी उमलली. वरिष्ठ बाईंनी दोनदा पाहिली आणि शिक्का मारला. बाबांनी आईच्या नावाची पाटी स्वतःच्या हाताने मातीत रोवली आणि त्या रात्री दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी तिने केस धुतले. आत्या एक अक्षर बोलली नाही, याचाही तिला राग आला.

रविवारी तो आला. हात रिकामे, कुठे ठेवावेत हे न कळून मागे बांधलेले. छत्री मात्र या वेळी बाहेर ठेवली होती. तिने चहा पुढे केला. त्याने तो एका दमात प्यायला, जीभ भाजली तरी.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. कुंडी डोक्यावर आपटली तेव्हापासून."

ती थांबली. आता 'पण' येईलच, म्हणून वाट पाहत राहिली. काचेवर पावसाचे दोन-चार थेंब वाजले. नळ गळत नव्हता. तो तिच्याकडे बघत उभा होता.

"पुढे?" शेवटी न राहवून तीच वैतागून म्हणाली.

"पुढे काही नाही. एवढंच."

"पण..." ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर खळी पडली.