ठकी, चकली आणि लेखी तक्रार

गंधारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या परसाच्या भिंतीवर बसला होता. एक पाय त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, तोंडात टूथब्रश आणि नजर माझ्या हातातल्या खराट्यावर. खराट्यासमोर त्याची कुत्री होती. पाच कोंबड्या कपडे वाळत घालायच्या बांबूवर चढून कलकलाट करत होत्या आणि सहावी, ठकी, थेट शेवग्यावर.

“मारू नका हो!” तोंडातला फेस सांभाळत तो म्हणाला. “खेळतेय ती...”

“कोंबड्यांना विचारलंत का, त्याही खेळतायत का ते?”

त्याने खाली उडी मारली. अनवाणी. पाय नेमका कुठे पडला ते आम्हा दोघांनाही दिसलं, पण त्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

“मी गंधार. परवाच आलो, विमलाबाईंकडे भाड्याने.”

“कुत्र्यासकट?”

“कुत्रीसकट. चकली नाव तिचं. शेपटी बघा ना...” आणि हसला. हसणं चांगलं होतं. तिथेच मला पहिला संशय आला.

माझं कामच ते आहे. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेमची चौकशी करते. गाडी चोरीला गेली म्हणून गळा काढणाऱ्याची गाडी त्याच्याच मेव्हण्याच्या गोठ्यात शोधून काढायची, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे कोणी गोड बोललं की माझे कान टवकारतात, आणि हा मनुष्य तर तोंडात ब्रश असतानाही गोड बोलत होता.

कोंबड्या माझ्या नव्हत्या, तात्यांच्या होत्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझे वडील वर्षभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी हॅचरीतून पाच तपकिरी कोंबड्या आणल्या, एका मित्राने गावरान ठकी दिली, आणि तात्या पुन्हा पहाटे सहाला उठायला लागले. आम्ही तीन पिढ्या खडकीचे. कोंबडी आम्हाला रश्श्यापलीकडे माहीत नव्हती. जे शिकलो ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. पण तात्या पुन्हा बोलायला लागले होते, आणि ते कुणाच्या चकलीपायी बंद व्हावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

पुढच्या रविवारी गंधार जाळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात हजर.

“हे कशाला?”

“भिंत उंच करायला. कुत्री माझी आहे, जाळी मीच आणणार.”

“आणि त्याबदल्यात?”

“चहा...” तो जरा अडखळला. “साखर कमी.”

तात्यांनी चहा केला. तात्यांना तो आवडलाच होता; त्यांना सगळेच आवडतात. मी मात्र तार धरून उभी राहिले, लक्ष ठेवायला. श्रावणातली सर येत होती आणि जात होती. त्याच्या पापण्यांवर थेंब साचत होते आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. माझ्या बोटात तारेचं टोक घुसलं तेव्हा मात्र दोन्ही हात लगेच मोकळे झाले. त्याने बोट धरलं, फुंकर मारली आणि मग... सोडायला जरा उशीर केला.

“तुम्ही माझ्याकडे अशा का बघता?” त्याने विचारलं.

“मी सगळ्यांकडेच अशी बघते.”

“छे. दूधवाल्याकडे बरंच प्रेमाने बघता.”

“तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय?”

“डोळे बघणं हा माझा धंदा आहे हो. सदाशिव पेठेत चष्म्याच्या दुकानात दिवसभर तेच करतो.” तो जाळी ताणत गंभीरपणे म्हणाला, “तुमचे डोळे अगदी उत्तम आहेत. नजर तेवढी वाईट.”

मला हसू आलं. आलं म्हणून रागही आला.

त्यानंतर रोज सकाळी जाळीपलीकडून काही ना काही यायला लागलं. एकदा शिळी भाकरी, कोंबड्यांसाठी. एकदा प्राजक्ताची ओंजळभर फुलं... ती कुणासाठी ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फुलं मात्र संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या टेबलावर होती.

आणि मग ठकीचं काहीतरी बिनसलं. ती दिवसभर पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची, जवळ गेलं की कुर्रकुर्र करायची आणि हाताला चोच मारायची. तात्या घाबरले. मी माझ्या वहीत लिहिलं : ‘कुत्र्याची दहशत’. चकली अजूनही मोकळीच फिरत होती, आमच्या फाटकापर्यंत यायची. चौथ्या दिवशी ठकी नाहीशी झाली. भिंतीपाशी पोटाखालची मऊ पिसं विखुरली होती, मूठभर. जाळीपलीकडे चकली बसली होती, आणि तिच्या नाकावर एक पीस होतं.

मी तशीच त्याच्या दारात गेले.

“ठकी कुठंय?”

“मला कसं माहीत असणार?”

“हिच्या नाकावर पीस कसं?”

“पीस आहे, रक्त नाहीये. एवढ्या मोठ्या तपासनीस तुम्ही, तुम्हाला दिसत नाही?”

“रक्त पावसात धुतलं गेलं असेल.”

“आणि पिसं कोरडी राहिली?”

उत्तर नसलं की माणूस जास्त चिडतो, तशी मी चिडले. म्हणाले, “जाळी, भाकरी, फुलं... हे सगळं यासाठीच होतं तर! शेजारीण खूश राहिली की कुत्री मोकळी फिरायला बरी!”

त्याचा चेहरा पडला. “आणि मला संशय येतोय,” तो सावकाश म्हणाला, “की कोंबडी तुम्हीच कुठेतरी ठेवलीय. चकलीला घालवायचं तुमच्या पहिल्या दिवसापासून मनात आहे.”

त्या दिवशी तात्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. भिंतीकडे तोंड करून. मी ते पाहिलं आणि कागद घेतला. ‘सदर कुत्रीने सदर कोंबडीस ठार मारले असून सोबत छायाचित्रे जोडली आहेत...’ विमलाबाईंनी खोली देतानाच त्याला बजावलं होतं, एक तक्रार आली की बाहेर. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि निकाल दिला : “कुत्रं तरी जाईल न्हाईतर भाडेकरू तरी. म्हैनाअखेरपतूर.”

गंधार भांडला नाही. त्याने खोली सोडायची ठरवली. चकलीशिवाय इथे राहणार नाही, म्हणाला. प्रत्यक्षात सदाशिव पेठेत दुकानाजवळ मिळालेल्या खोलीतही कुत्री चालत नव्हती, म्हणजे चकली फलटणला भावाकडे जाणार हे नक्की झालं. हे मला तात्यांकडून कळलं, कारण माझ्याशी तो बोलतच नव्हता. स्कूटर काढायचा, मान सरळ ठेवायचा, जायचा.

मी जिंकले होते. आणि मला जेवण जात नव्हतं. सकाळी जाळीपाशी उगाचच उभी राहायचे, कोंबड्यांना दाणे घालून झाले तरी. त्याची आठवण येतेय हे स्वतःशी कबूल करायला मला बारा दिवस लागले. कबूल केलं, आणि त्याच दिवसापासून ती केस मला खुपायला लागली. पिसं होती, पण एकही हाड नव्हतं. दुसऱ्या कुणी असा क्लेम आणला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो लागला. गंधार खोकी भरत होता. चकली मात्र मागे, विमलाबाईंच्या जुन्या पाण्याच्या टाकीशी बसली होती. गेले कितीतरी दिवस ती तिथेच बसलेली मला दिसायची. हाडं तिथेच पुरली असणार! मी ओट्यावर चढले, भिंतीवर गेले, जाळीत ओढणी फाडून पलीकडे उतरले. टाकी आणि कौलांचा ढीग यांच्यामध्ये एक फट होती. मी हात घातला.

आतून अशी काही चोच बसली की मी किंचाळलेच.

ठकी होती. जिवंत, फुगलेली, भयंकर संतापलेली. छातीची पिसं गेलेली आणि पोटाखाली नऊ अंडी; नाहीशी होण्याआधीपासूनच ती इथे येऊन चोरून घालत असणार. शेजारी चकलीचा वाडगा, त्यात थोडा भात. चकलीने माझ्याकडे पाहिलं आणि शेपटी हलवली.

किंचाळी ऐकून विमलाबाई आल्या, मागोमाग गंधार, हातात खोकं घेऊन.

“आगं, ही तर खुडूक बसलीया!” विमलाबाई म्हणाल्या. “अंडी उबवाय बसली की सोताचंच पीस उपटती कोंबडी. आदी फुगून बसत हुती का? कुर्रकुर्र करत हुती?”

“हो...”

“चोच मारत हुती?”

“हो.”

“मग ह्ये मला तोंडानं सांगायचं हुतंस की! तर म्हनं सदर कुत्री आन् सदर कोंबडी! म्या म्हनलं, शिकल्याली पोर हाय, बघूनच लिवलं आसंल.” त्यांनी फटीत वाकून पाहिलं. “कोंबडा हाय का तुमच्यात?”

“नाही.”

“मग बसूं दे वरीसभर. काय बी निघायचं न्हाई त्यातनं.”

हॅचरीच्या कोंबड्या कधी खुडूक बसत नाहीत, त्यामुळे आम्हाला ते माहीतच नव्हतं. शेवग्यावर चढून ठकी जाळी ओलांडू शकते हे मात्र मला सुचायला हवं होतं. शेवग्यावर तर तिला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

“विमलाबाई, तक्रार मागे घेते मी. ह्यांना राहू द्या.”

“आता कुटं?” त्यांचा आवाज जरा खाली आला. “खोली दिली की म्या दुसऱ्याला. उद्याच्याला यायची हाईत ती मान्सं. शबूद दिलाय बाई.”

त्या आत गेल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. गंधार खोकं घेऊन तसाच उभा होता.

“मी चुकले,” मी म्हटलं. “फार चुकले. चकलीच्या बाबतीत, आणि... फुलांच्या बाबतीतही.”

तो माझ्याकडे बारीक डोळे करून बघत राहिला. “यात काय डाव आहे?”

“काही नाही.”

“लेखी द्याल?”

मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही लपवता आलं नाही.

“चकली फलटणला कधी जाणार?” मी विचारलं.

“दुपारी. भाऊ येतोय न्यायला.”

“त्यांना नको म्हणून सांगा. ती आमच्याकडे राहील.”

“तुमच्याकडे? कोंबड्यांत?”

“सतरा दिवस एका कोंबडीच्या शेजारी बसलीये ती, स्वतःचा भात देऊन. तात्यांना मी सांगते.”

त्याने चकलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मला तिला रोज भेटायला यावं लागेल. सदाशिव पेठेतून खडकीला.”

“माहितीये.”

“पूर्णिमा... हे तुम्ही चकलीसाठी करताय ना?”

हो म्हणणं सोपं होतं. तो विश्वास ठेवून निघूनही गेला असता.

“नाही,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी करतेय. तुम्ही मला आवडता. चकली गेली की तुम्ही इकडे फिरकणार नाही, आणि ते मला चालणार नाही.”

गंधारने खोकं खाली ठेवलं. चकलीचा पट्टा माझ्या हातात दिला आणि हात तिथेच राहू दिला. बोटं थंडगार होती, आणि चष्म्याच्या दुकानातला माणूस असूनही त्याला वर बघवत नव्हतं.

“सकाळी येऊ, की संध्याकाळी?” त्याने विचारलं.

“सकाळी. पावणेआठच्या आत ये. आठला मी ऑफिसला निघते.”

“आणि संध्याकाळी?”

“सहानंतर घरीच असते मी.”