मारुवाच्या वाटा

पानशेतच्या मागच्या कड्यातून आम्हाला एक पेटी काढून आणायची होती. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीचा ड्रोन चाचणीत भरकटून तिथे आपटला होता. ड्रोनच्या त्या पेटीत मारुवा नावाच्या चिमुकल्या देशातल्या चोरवाटांचे नकाशे साठवलेले होते. तो देश स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि मदतीला आलेलं परकं सैन्य आता परत जायचं नाव काढत नव्हतं. त्या सैन्याला न जुमानणारी इनेस आपल्या तुकडीसह डोंगरात लपली होती, तापाने फणफणत. तिला औषधं पोचवायला हा ड्रोन होता. वाटांची दुसरी प्रत ठेवायची नाही, ही अट तिचीच.

तिचा भाऊ एलिसेओ बरोबर होता. पुण्यात शिकलेला, मला ‘अहो स्पृहा’ म्हणणारा. तिसरा आमचा टीम लीड केयूर.

ऊन रणरणत होतं. एलिसेओ दोरावरून कपारीत उतरला, आम्ही दोघांनी वरून दोर धरला. पेटी दिसली! त्याने हात घातला आणि पायाखालचा दगड निसटला! दोराला हिसका बसला. मी फरफटले. केयूरने झुडूप पकडलं. तळहात सोलवटले, पण दुखलं नाही. भीतीही वाटली नाही. आत सगळं बधिर झालं होतं. ओढत राहिलो. एलिसेओ वर आला, पेटीसकट!

खाली रस्त्यावर दोन पांढऱ्या गाड्या थांबल्या. केयूरने फोन पाहिला.

“त्या परक्या सैन्याचे पुण्यातले कर्नल आलेत. लोकेशन मिळालं म्हणे.”

“कुणी दिलं?” मी विचारलं.

“सकाळच्या स्टेटस मेलमध्ये टाकलं होतं. ते मदतीला होते तेव्हापासून सीसीत आहेत. नाव काढायचं राहिलं.”

“वा! चहालाही बोलवायचंस.”

केयूरने फोन खिशात टाकला. मला त्याचा रागसुद्धा येईना.

“ही पेटी त्यांच्या हाती लागली, तर ते थेट तिच्यापर्यंत पोचतील,” एलिसेओ म्हणाला.

“आणि औषधं?” मी विचारलं.

त्याने पेटी खडकावर ठेवली आणि दगड उचलला. एक घाव. दुसरा. मीही दगड घेतला. तुकडे आम्ही दरीत भिरकावले.

पायथ्याशी कर्नल हसत पुढे आले.

“नाही सापडली, सर,” केयूर म्हणाला.

त्यांनी एलिसेओच्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नका. तुमच्या बहिणीला आम्ही शोधून काढूच.”

एलिसेओने त्यांचे आभार मानले. आमच्या गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, “ताप अंगावर काढावा लागेल तिला.”