दे इकडं

हुबळीच्या गोकुळ रोडवर सांगून करवून घेतलेला लोखंडी स्टँड टेंपोत घालून उत्तराबाई केशवापूरला घरी परतल्या, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. टेबलासाठीचा हा स्टँड बरोबर त्यांच्या मनगटाच्या उंचीचा होता. कोणा पुरुषाच्या नव्हे, त्यांच्या. वेल्डिंगवाला शंकर बाईंना कानडीत ताई म्हणायचा. त्यानं "अक्कारे, सगळे याच्यापेक्षा उंच करतात" म्हणून हुज्जत घातली होती. "मग सगळ्यांनाच जाऊन वीक," म्हणून बाईंनी त्याला गप्प केलं होतं.

एवढ्याशा गोष्टीवरून इतका राग कशाला, असं कोणी विचारेल. पण तो राग त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, प्रयोगशाळेतली बिघडलेली यंत्रं स्वतः उघडून नीट करायच्या. घरी मात्र हातात स्क्रू ड्रायव्हर धरला रे धरला, की नवरा मागून येऊन उभा. "दे इकडं. तू आत जा, चहा ठेव." खिळा असो, फ्यूज असो, गाडीचं चाक असो, प्रभंजनरावांचं एकच पालुपद. अंगणापलीकडच्या गॅरेजात तर त्यांनी बाईंना कधी दोन मिनिटं उभंही राहू दिलं नाही. गेल्या वर्षी प्रभंजनराव वारले. बाई मनापासून रडल्या. वर्षश्राद्ध झालं, गाडी विकली, आणि मग गॅरेजची किल्ली त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली.

मुलगा श्रीनिधी बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, या वयात हे काय गं खूळ? माझी गाडी लावायला राहू दे की ती जागा."

"गाडी काय, रस्त्यावरही उभी राहते. मला हुबळीत चार भिंती तरी माझ्या असू देत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

हां हां म्हणता गॅरेजचं रूप पालटलं. खिडकीखाली टेबल, त्याच्या कडेला लाकूड घट्ट धरायचा व्हाइस, वर ट्यूबलाइट, दुखऱ्या गुडघ्यांसाठी पायाखाली जाड रबराची चटई. भिंतीवर हाताला सहज लागतील अशा करवत, रंधा आणि पटाश्या. जुन्या ऑइलचा वास मात्र फिनेल ओतूनही जाईना. त्याच्या तळाशी आणखी एक वास होता, कित्येक वर्षांत न उघडलेल्या विहिरीसारखा. गटार तुंबलं असेल, म्हणून बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

पहिला घोटाळा भिंतीवरच्या फळीचा झाला. निम्मे स्क्रू पिळून, गॅरेजला कुलूप घालून बाई कुकर उतरवायला घरात गेल्या. परत येऊन बघतात तर सगळे स्क्रू बसलेले. हे शंकरचंच काम, असं धरून त्यांनी त्याला फोनवर झापलं.

"देवाशप्पथ अक्कारे, मी सकाळपासून धारवाडात आहे! आणि कुलूप नव्हतं का घातलं?"

कुलूप घातलेलं होतं. किल्ली कमरेलाच होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी कापून ठेवलेली सागवानी फळी पुरती कापलेली मिळाली. भुसासुद्धा झाडून कोपऱ्यात लोटलेला. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. चष्मा लावून त्यांनी भिंतीवरचे स्क्रू जवळून पाहिले. दुसऱ्या कोणी बसवलेल्या प्रत्येक स्क्रूची खाच सरळ उभी होती, सगळ्या एका ओळीत. खाचा अशा जुळवत बसायची खोड असलेला एकच माणूस त्यांना ठाऊक होता.

भीती कुठल्या कुठं गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्यावरसुद्धा?" त्या रिकाम्या गॅरेजात कडाडल्या. "अहो, मेल्यावरसुद्धा दे इकडंच का?"

तो ओला वास जरा दाटला.

मग बाई हट्टालाच पेटल्या. टेबलाशी बसून काम करायला एक उंच स्टूल हवंच होतं. ते पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत आपण करायचं. जन्मात एक तरी वस्तू अशी हवी, जिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. पण दारात भाजीवाला ओरडला म्हणून त्या उठल्या, आणि तेवढ्यात स्टुलाचे दोन पाय जोडून झाले. या वेळी खाचा कशाही वाकड्यातिकड्या होत्या. कोणीतरी जीव मुठीत धरून काम उरकावं, तशा.

"एवढी कसली घाई झाली होती?" बाई खवळून म्हणाल्या. त्यांनी सगळे स्क्रू उपसले आणि पाय कोपऱ्यात भिरकावले.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून, फोन घरातच ठेवून, पाण्याचा तांब्या घेऊन त्या गॅरेजात शिरल्या आणि आतून कडी घातली. आता छप्पर कोसळलं तरी उठायचं नाही. भर दुपार होती. एक पाय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला करंट गेला आणि ट्यूबलाइट विझली. खिडकीतून येणारा उजेड कसा कोण जाणे, टेबलापर्यंत पोचेना. विहिरीचा वास घशात उतरू लागला.

डाव्या खांद्यामागं कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाईंनी वळून पाहिलं नाही.

"दे इकडं..."

"नाही देणार."

"उत्तरा... तू आत जा... चहा ठेव..."

"तुम्हीच ठेवा. आजवर मी ठेवला."

मागचा श्वास जोरजोरात चालू होता. बाईंच्या तळहाताला फोड आला, तो फुटला. त्यांनी पदर गुंडाळून पीळ दिला आणि शेवटचा स्क्रू आत गेला. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी स्टूल चटईच्या मधोमध उभं केलं. जरासुद्धा डगमगत नव्हतं. बाईंना रडू आलं, आनंदानं आणि इतक्या वर्षांच्या रागानं.

"झालं!" त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "सगळं माझ्या हातचं आहे. अहो, या, बसा. बसून बघा मोडतं का." नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, तसं आजही घेतलं नाही.

जरा वेळ काहीच झालं नाही. मग स्टूल करकरलं. त्याचे चारी पाय रबरात रुतले आणि बैठकीची जाड फळी मध्ये वाकली.

"बघा!" बाई विजयानं ओरडल्या. "मोडलं का?"

तेव्हा त्यांच्या डाव्या खांद्यामागून, मघाच्याच जागेवरून, प्रभंजनरावांचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजात हुकूम नव्हता. तो कापत होता.

"उत्तरा... तिथं कुणाला बसवलंस गं?"