फळ्या अजून ओल्या आहेत

शहापुरात यंत्रमाग यायच्या आधीची, इंग्रजांच्या अमदानीतली ही गोष्ट. विणकरांच्या त्या अरुंद बोळात सत्यवती खांद्यावर ओल्या सुताच्या लड्या टाकून विहिरीवरून येत होती, आणि समोरून सागवानी फळी घेऊन एक उंच, सावळा तरुण. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. ती भिंतीकडे सरकली, नेमका तोही तिकडेच सरकला, आणि फळीच्या टोकात तिची लडी अडकली.

"ओ आक्का, थांबा जरा — सूत तुटंल!"

"आक्का कुणाला म्हणतोस रं? तुझ्यापेक्षा ल्हान हाय मी."

"मग काय म्हणू?"

"काय म्हणू नगंस. आधी लडी सोडव."

त्यानं सोडवली. रंधा धरणारी ती राठ बोटं सुताला इतकी जपून हात लावतील, असं तिला वाटलं नव्हतं. एकही धागा तुटला नाही.

"आता तम्मण्णांचं घर कुठं ते तरी सांगा…"

"आमचंच," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

तो नागोजी. लोंढ्याकडचा सुतार. सत्यवतीला निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून मागणी आली होती, आणि त्यांच्या बैठकीत म्हणे पायाखाली सागवान होतं. झालं! तिचे वडील तम्मण्णा इरेला पेटले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर असल्या पाहुण्यांना बसवायचं कसं? बाहेरच्या खोलीत फळ्या बसवायच्या आणि त्यावरच साखरपुडा करायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पोरीला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

नागोजीनं फळ्या खोलीत आणल्या, पण ठोकल्या नाहीत. मध्ये लाकडाच्या बारीक चिपा घालून एकावर एक रचून ठेवल्या.

"ठोकत का न्हाईस?" सत्यवतीनं आतल्या, हातमागाच्या खोलीतून विचारलं.

"फळीला आधी घराची हवा खाऊ द्यायची. ओल जिरू द्यायची. न्हायतर आज ठोकली, की थंडीत आक्रसती नि फटी पडत्यात."

"माझ्या सुताला ओल नसली तर तुटतंय. तुझ्या फळीला ओल चालत न्हाय. एका घरात दोघांचं जमायचं कसं?"

"मधलं दार लावून घेत जा."

"आणि न्हाय लावलं तर?"

"तर मला रोज यावं लागंल… बघायला."

ती हसली. दार काही तिनं लावलं नाही.

मग तो रोज येऊ लागला. फळीवर टिचकी मारायची, कान लावून ऐकायचं, तम्मण्णांना सांगायचं, "अण्णा, अजून ओल्या हाईत." तम्मण्णा वैतागून बाजारात निघून जायचे, आणि मग मधल्या दाराशी गप्पा रंगायच्या. काय बोलायचे? काहीच नाही. त्याच्या गावाकडचं जंगल, तिच्या पदराचा रंग, पावसाची रिपरिप. जे बोलायला हवं होतं, ते दोघांच्याही ओठांवर येऊन परत जायचं. तो निघाला की तिला घर ओसाड वाटायचं.

दसऱ्यानंतर तम्मण्णांनी त्याला खडसावलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ह्या आठवड्यात ठोकतो, अण्णा."

त्याच संध्याकाळी सत्यवतीनं फळ्यांच्या वर वाशाला दोरी बांधली आणि खळीतून काढलेल्या ओल्याचिंब लड्या त्यावर टांगल्या. खालच्या फळ्यांवर पाणी टपटपत राहिलं. सकाळी तो यायच्या आत लड्या काढून फळ्या पुसून टाकल्या. रोज हेच. आज टिचकी मारेल, मान हलवेल, अजून ओल्या आहेत म्हणेल… पण त्यानं टिचकी मारलीच नाही. तिच्याकडे न बघता एक दिवस त्यानं हातोडा उचलला आणि फळ्या ठोकून निघून गेला.

दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं. फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, कडा वर उचलल्या. साखरपुड्याला निपाणीचे व्याही रुबाबात आत आले, एका कडेला ठेचकाळले आणि सगळ्यांसमोर आपटले. पगडी कोपऱ्यात गेली. सोयरीक मोडली असती तर सत्यवतीनं देवाला नारळ फोडला असता. पण व्याही धूळ झटकून बसले, आणि साखर वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी तम्मण्णांनी नागोजीला बोलावून अख्ख्या गल्लीसमोर फाडून खाल्लं. "ओलं लाकूड ठोकून गेलास, लबाडा!"

नागोजीनं वाकून फटीत बोट घातलं. वर बघितलं. दोरी तशीच होती, तिला सुताचे तंतू चिकटलेले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

परसात तिनं त्याला गाठलं. "दोरी बघितलीस की तू. खरं का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची पोरगी माझ्यापायी फळ्या भिजवत हुती म्हणून?"

"पण ठोकायच्या आधी टिचकी मारून का न्हाय बघितलंस रं?"

"कशाला बघू? त्या तर कवाच्या वाळल्या हुत्या. ओल्या हाईत म्हणून मीच रोज खोटं सांगत हुतो… तू दिसावीस म्हणून."

तिला रडू फुटलं. दोघांनी चोरून चोरून एवढे दिवस मिळवले होते, आणि ते सगळे पावसापाण्याच्या गप्पांत घालवले होते!

"एकदा तरी बोलायचं हुतंस…"

"मी सुतार, तुमी कोष्टी. अण्णांनी दिली असती व्हय मला?"

"न्हाय. पण मला तरी कळलं असतं."

"आता कळलं न्हवं?" तो कसानुसा हसला. "कुणाला काय सांगू नगंस. जातो मी."

ती गप्प बसणार नव्हती. त्याच्या धंद्याला बट्टा लागला होता, तो तिच्यामुळे. ती थेट तम्मण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, त्यानं वाळलेलंच लाकूड आणलं हुतं. पाणी मी घातलं."

"का?"

तिची नजर मधल्या दाराकडे गेली. तम्मण्णांना काय ते कळलं.

"आणि कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"बोलायचं न्हाय."

"पण आप्पा, त्याचं नाव —"

"त्याचं नाव वाचवायला गेलो तर तुझं जातंय, पोरी. आता मला गावभर त्यालाच शिव्या द्यायला पायजेत." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

गल्लीसमोर ते रागाच्या भरात बोलले होते. आता शांतपणे, भेटेल त्याला थांबवून सांगू लागले. लोंढ्याच्या त्या सुताराला शहापुरात, वडगावात पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही.

लग्नाच्या पापडांना शेजारची रुक्माबाई आली. लाटता लाटता म्हणाली, "त्यो मेला नागोजी आमच्याबी फळ्या बसवणार हुता गं. बरं झालं, येळंत कळलं. व्हय का न्हाय?"

सत्यवतीचं लाटणं थांबलं. ओट्यावरून तम्मण्णा तिच्याकडे बघत होते.

"व्हय," ती म्हणाली. "बरं झालं."